सिएनीची जागा

फागालीमा, सावाई बेट
४ फेब्रुवारी १९५७

सिएनी,

पापुआहून तुझं पत्र पोचलं. पोचलं म्हणजे काय, गाजलं. काल मारेकोनं ते उपासनेत वाचून दाखवलं. भरतीचं पाणी घराच्या शिडीपर्यंत येतं, शिडीखाली मगर येऊन बसते, तू बायकांना कोळशानं फळीवर अक्षरं शिकवतेस, हे सगळं. बायका रडल्या. पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या टोप्या अशा हलत होत्या की मला वाटलं वारा सुटला. पाद्रीणबाई म्हणून मी पहिल्या बाकावर होते, त्यामुळे मलाही रुमाल काढावा लागला. तो कोरडा राहिला, हे फक्त तुला सांगते.

बाहेर आल्यावर सगळ्या जणी आईभोवती जमल्या. आई पापुआची राणी असल्यासारखी हात पुढे करून उभी होती. म्हणाली, "देवानं बरोबर निवडली हो माझी धाकटी."

मी म्हटलं, "आणि थोरलीला काय दिलं देवानं?"

"तुला पाद्रिणीची टोपी दिली ना," आई म्हणाली.

सगळ्या हसल्या. मीही हसले. काय करणार?

सिएनी, तू डुकरांना घाबरायचीस. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला की माझ्या कमरेला मिठी मारून घरात शिरायचीस. विहिरीवर एकटी जायची नाहीस. आणि आता मगरीच्या डोक्यावरून उतरून शाळेला जातेस! मग देव माणसं कशी निवडतो, ते मला समजावून सांग. माझा मारेको आणि तुझा लाफाएले एकाच वर्षी पाद्र्यांच्या शाळेतून बाहेर पडले. तुमच्या दाराशी देव आला, आमच्या दाराशी फागालीमाचे गावकरी आले. गावात पत्र्याचं छप्पर एकच, ते आमचं. रोज एकेका घरातून जेवण येतं. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, मासे, रविवारी दगडांच्या भट्टीतलं डुक्कर. पाणी पोरं भरतात. माझ्यासमोरून जाताना माणसं कमरेत वाकून जातात. मी लठ्ठ झाले आहे. लठ्ठ बाईला कोण कशाला कुठे बोलावील?

बाकी एक विचारायचं होतं. तुझी पत्रं नेहमी सगळ्या गावासाठी असतात. माझ्या एकटीसाठी चार ओळींची वेगळी चिठ्ठी तू गेली दोनतीन वर्षं का पाठवत नाहीस? पूर्वी पाठवायचीस. की संतांना बहिणी नसतात?

फोलोले


फागालीमा
२० मे १९५७

सिएनी,

मी मेले. आणि मारलंस तू.

नीट सांगते, कारण इतर कुणी सांगेल तर भक्तीचा रंग चढवून सांगेल. मे महिन्याचा मेळावा या वर्षी आमच्या गावात होता. आजूबाजूची सगळी गावं आली होती. मिशनकडून एक वृद्ध पाहुणे आले होते. त्यांनी तुझं आणखी एक पत्र काढलं. तापाच्या साथीत तू घरोघर जाऊन लोकांना पाणी पाजलंस ते. गावाच्या वतीनं बोलणारा आमचा वक्ता सरदार लेफोतु, जो स्वतःच्या बापाच्या अंत्यविधीत रडला नाही, तो हातातल्या चवरीत तोंड लपवून हुंदके देत होता. पत्र संपल्यावर पाहुणे म्हणाले, "सिएनीसारखी दुसरी बाई या बेटावर नाही."

नाही? त्यांनी सगळं बेट पाहिलंय का? मी समोर बसले होते, चांगली डोळ्यांत भरेल एवढी!

मग त्यांनी विचारलं, पापुआला आणखी माणसं हवीत, कुणी आहे का? आता रीत तुला ठाऊक आहे. अशा वेळी यजमान गावाच्या पाद्रिणीनं उभं राहून दोन गोड वाक्यं बोलायची, "देवानं बोलावलं तर आम्ही निघालोच." मग वक्त्यानं म्हणायचं, "नको गं आई, आम्हाला पोरकं करू नको." तिनं पुन्हा म्हणायचं, त्यानं पुन्हा अडवायचं. तिसऱ्या खेपेला तिनं डोळे पुसून खाली बसायचं आणि सगळ्यांनी जेवायला उठायचं. गेल्या मेळाव्यात शेजारगावच्या पाद्रिणीनं हेच केलं, आणि ती अजून तिथेच आहे, गेल्या वर्षीपेक्षा जाड.

मी उठले. पण पाहुण्यांचं ते वाक्य डोक्यात भिनलं होतं. दोन वाक्यांवर थांबायचं सोडून मी म्हणाले, "आमचे पाय काही या मातीत रुजलेले नाहीत. देवानं नुसती मान हलवली तरी मी आणि मारेको उद्या अनवाणी निघू. जिथे माझी धाकटी बहीण दमेल तिथून पुढे मी चालेन." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला फार बरं वाटलं. मी लेफोतुकडे पाहिलं, की आता अडव.

त्यानं हातातली काठी माझ्या पायांपुढे टाकली. "शब्द घेतला!" म्हणाला. रडतच म्हणाला.

"मालो! मालो!" सगळी सभा शाबासकी देत ओरडली, आणि लगेच गाणं सुरू झालं. मी उभीच. कुणी अडवलं नाही, सिएनी. एकानंही नाही. काठी खाली पडली की शब्द बोलणाऱ्याचा राहत नाही, गावाचा होतो. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

जेवताना लेफोतुला गाठलं. म्हटलं, "काका, तुम्ही रीत विसरलात."

"आई, आज रीत कशी आठवेल?" तो म्हणाला. "तुझ्या तोंडून देव बोलला."

देव नाही बोलला. माझ्या तोंडून कोण बोललं ते मला माहीत आहे, आणि आता तुलाही माहीत आहे.

फोलोले


फागालीमा
११ जुलै १९५७

सिएनी,

मागच्या बोटीनं तुला घाईघाईत चिठ्ठी पाठवली होती, की तुमच्याकडे जागा नाही असं मिशनला कळव. आज तुझं उत्तर आलं. लाफाएलेच्या पायाची जखम हाडापर्यंत गेली, डॉक्टर त्याला परत पाठवताहेत, आवाकीची शाळा रिकामी पडेल, आणि "ताई, तू येतेस हे ऐकून मी गुडघे टेकले." टेकलेसच. तुला काय, सवय आहे.

म्हणजे मी तुझ्या जागी जायचं. आणि तू कुठे, हेही आज ठरलं. लेफोतु आला होता. लाफाएलेचा पाय बरा होईपर्यंत गाव त्यालाच पाद्री म्हणून ठेवणार आहे. तू माझ्या घरात राहशील. माझ्या पत्र्याखाली, माझ्या खुर्चीत, माझ्या आईजवळ. आई आत्तापासून तुझ्यासाठी पलंगाची चटई उन्हात घालते आहे. मी जाणार म्हणून ती रडली, नाही म्हणत नाही. पण रडता रडता चटई उलटत होती.

तरी अजून सुटता आलं असतं. मला दमा आहे असं मारेकोनं मिशनला कळवलं असतं तर कुणी हट्ट धरला नसता. दमा थोडा आहेच. काल त्याला तसं म्हणाले. तो अंगणात निरफणस सोलत होता. थांबला, आणि सुरी खाली ठेवून माझ्याकडे नुसता बघत राहिला.

मी म्हटलं, "असं काय बघतोस?"

"काही नाही. लिहितो," तो म्हणाला.

"तुला जायचंय?"

"पाद्र्यांच्या शाळेत असल्यापासून," तो म्हणाला. "तू टोपीत छान दिसायचीस. म्हणून बोललो नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हा माणूस हे पोटात ठेवून रोज माझ्यासमोर जेवत होता. मला राग आला. देवानं त्याला बोलावलं आणि मला टाळलं, याचाही आला. घरात दोन माणसं, आणि बोलावणं एकालाच? मग रात्रभर ऐकत होते, तो झोपेत हसत होता. दमा मी मागे घेतला. त्याच्यासाठी घेतला असं तुला वाटेल. खरं म्हणजे तुझं ते "गुडघे टेकले" वाचल्यावर घरी बसणं मला शक्यच नव्हतं.

बोटी वाटेत एकमेकींना ओलांडतील, म्हणजे आपली भेट नाही. कपाटातला मोठा काचेचा वाडगा वापरू नकोस. त्याला कडेला चीर आहे.

फोलोले


आवाकी, पापुआ
२ डिसेंबर १९५७

सिएनी,

हे पत्र माझ्याच घराच्या पत्त्यावर लिहिताना काय वाटतं, ते तुला कसं कळणार? खुर्ची कशी आहे? तिच्या डाव्या हाताकडून वारा येतो.

आले एकदाची. चिखल, चिखल आणि पाणी. आकाशही चिखलाचंच आहे. तुझ्या पत्रांत डासांबद्दल एक ओळ होती. एक ओळ! इथे बोलायला तोंड उघडलं तरी ते आत जातात. मारेको आनंदात आहे. दोनदा होडीतून पडला, तरी आनंदात आहे.

होडी धक्क्याला लागली तेव्हा बायका पाण्यात उतरून धावत आल्या. मी हात पुढे केला. त्या माझ्या मागे होडीत बघत होत्या. सगळ्यांत पुढे एक उंच, सडसडीत बाई होती, पांढरे केस, तोंडात सुपारी. ती तुझी गेउआ, हे सांगायला नको. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि किनाऱ्यावरच्या भाषेत काहीतरी विचारलं. दुभाष्या म्हणाला, "ती विचारते, सिएनी कुठे?"

तेव्हापासून तेच चाललंय. मी भात शिजवला की "सिएनी पाणी कमी घालायची." मी गाणं सुरू केलं की "सिएनी वरच्या पट्टीत घ्यायची." सिएनी हसायची, सिएनी बसायची, सिएनी शिंकायची. माझं नाव त्यांना उच्चारता येत नाही असं नाही. उच्चारायची गरजच पडत नाही. मी "सिएनीची बहीण." लठ्ठ असते ती.

रविवारी टोपी घातली, तर गेउआ म्हणाली, "पाऊस आत येतो का तुझ्या डोक्यात?" बायका हसून हसून खाली बसल्या. आता थोडी भाषा समजू लागली आहे, याचं वाईट वाटतं.

मी तुझ्यापेक्षा काहीतरी वेगळं करून दाखवणार आहे. तू शिवण शिकवलं नव्हतंस. मी शिकवणार. कापड घेऊन आले आहे.

फोलोले


आवाकी
१७ मार्च १९५८

सिएनी,

शिवणाला कुणी आलं नाही. तीन आठवडे मी दारात सुया ओवून बसले होते. शेवटी गेउआला विचारलं, तर ती म्हणाली, "आता साबुदाणा काढायचे दिवस आहेत. झगे खायचे असतात का?"

मला राग आला, आणि रागात मी म्हटलं, "मग मीही येते."

सिएनी, मी दलदलीत उतरले! मांड्यांपर्यंत. साबुदाण्याच्या ताडासारख्या झाडाचं खोड आडवं पाडून त्यातला गर कुटून काढायचा, पाण्यात कालवायचा, गाळायचा. मी कुटायला हात उचलला आणि पाठीवर आडवी पडले, सबंध. वर येईपर्यंत कुणाला वाटलं मगर आली, पोरं झाडावर चढली. मग ज्या हसल्या त्या बायका! गेउआला तर उचकी लागली. मला रडू येत होतं, पण चिखलानं डोळेच उघडेनात. मग माझ्याही पोटातून हसू यायला लागलं, आणि थांबेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. हात सोलले. तिसऱ्या दिवशी गेउआनं तिचं कुटायचं हत्यार माझ्या हातात दिलं आणि एक वाक्य बोलली. ते वाक्य मी प्रार्थनेसारखं पाठ केलंय. "सिएनी कधी चिखलात उतरली नाही."

कधीच नाही? मी दोनदा विचारलं. कधीच नाही, म्हणाली. किनाऱ्यावर उभी राहून पोरं सांभाळायची. वा! जिच्या पत्रांवर सगळं बेट रडलं, ती कोरड्या पायांनी उभी होती! मी घरी येऊन मारेकोला हे सांगितलं. तो म्हणाला, "तुला इतका आनंद का झालाय?" मी म्हटलं, "देवाच्या कामाचा आनंद आहे." त्यानं मान फिरवली.

पण खोटं कशाला बोलू? खूप आनंद झालाय. आता त्या मला जाता येता हाक मारतात. "फोलोले, येतेस?" नावानं. लठ्ठपणा उतरला. कधी कधी सबंध सकाळ जाते आणि तुझी आठवणही येत नाही.

फोलोले


आवाकी
९ जून १९५८

सिएनी,

तू माणूस आहेस की दगड?

मोठी भरती येऊन गेली. पाणी ओसरल्यावर गेउआ टोपली घेऊन शाळेमागे निघाली. मी विचारलं कुठे, तर म्हणाली, "सिएनीच्या पोराकडे." मला वाटलं भाषा समजण्यात चूक झाली. तिच्या मागोमाग गेले. दलदलीच्या कडेला, उंचवट्यावर, एवढीशी ती जागा. वरती पांढरे शिंपले, आपल्याकडे थडग्यावर पांढरे खडे पसरतात तसेच. गाळ बसला होता. गेउआ एकेक शिंपला उचलून कमरेच्या कापडाला पुसत होती. दर भरतीनंतर पुसते म्हणे.

मी तिथेच बसले. ती सांगत गेली. मुलगा होता. सात दिवस जगला. तू पोटुशी होतीस म्हणून तिनंच तुला दलदलीत उतरू दिलं नव्हतं, आणि नंतर तू त्या कडेच्या पुढे पाऊल टाकलं नाहीस. आणि मी! मी त्याचा आनंद केला, तुला कागदावर लिहून पाठवला. तू ते पत्र माझ्या खुर्चीत बसून वाचलं असशील.

मी तिला विचारलं, "तिनं मला का नाही कळवलं?"

गेउआ म्हणाली, "पोटात होता तेव्हाच मी म्हटलं होतं, बहिणीला लिही. ती म्हणाली, तिला मूल नाही, तिच्या जिवाला लागेल. झाल्यावर हळूच सांगेन. मग झाला, आणि गेला. म्हणाली, आता काय सांगू?"

सिएनी, तुला मूल होणार हे कळलं असतं तर माझ्या जिवाला लागलंच असतं. खोटं बोलत नाही. मी चार दिवस जेवले नसते. आईशी भांडले असते. पण पाचव्या दिवशी झबलं शिवायला घेतलं असतं गं. माझ्यातला पाचवा दिवस तू धरलाच नाहीस? की मीच तुला तो कधी दिसू दिला नाही?

आणि आत्ता, या क्षणीही, मला गेउआचा हेवा वाटतो. तुझं बाळ तिनं हातात घेतलं. त्याचं नाव तिला ठाऊक होतं. मी सख्खी मावशी, आणि मला ते तिच्याकडून कळलं. इओसेफो. आपल्या वडिलांचं नाव ठेवलंस.

आता भरतीनंतर मीही जाते. आम्ही दोघी पुसतो. ती शेवटचा शिंपला मला पुसू देते.

फोलोले


आवाकी
६ ऑक्टोबर १९५८

सिएनी,

मिशनचं पत्र आणि तुझं पत्र एकाच होडीनं आलं. लाफाएले काठीशिवाय चालतो, देवाची कृपा. तुम्ही दोघं आवाकीला परत यायला तयार आहात, आणि मिशन म्हणतं, निर्णय मी आणि मारेकोनं घ्यायचा. आम्हाला राहायचं असेल तर तुम्हाला दुसरीकडे पाठवतील. घरी जायचं असेल तर फागालीमा आमचंच आहे. तू एवढंच लिहिलंस, "ताई, तू म्हणशील तसं. तिथे माझं कोण आहे ते तुला आता माहीत आहे." त्यावर काय लिहावं?

हे गाव आता माझं आहे. साबुदाण्याच्या दिवसांत कुणाच्या गटात मी जायचं यावरून बायका भांडतात. शिवणाला आता सात जणी येतात. तू आलीस की आठवड्याभरात मी पुन्हा "सिएनीची बहीण" होणार, हे मला ठाऊक आहे. माझ्या मनात काय काय आलं ते सगळं लिहीत नाही. एवढं लिहिते, की "जागा नाही" असं उत्तर मी एकदा कागदावर उतरवलं होतं. मारेकोनं वाचलं. मी ते चुलीत घातलं.

घरी जाईन म्हणावं, तर तेही होईना. खुर्ची आठवते, खोटं कशाला बोलू. चिंबोऱ्या आठवतात, आई आठवते. पण तिथे जाऊन मी पुन्हा तुझी पत्रं ऐकत बसणार आणि मनातल्या मनात जळणार, एवढंच होईल.

आणि एक माणूस पुन्हा आला, त्याच्याबद्दल तुला कधी लिहिलं नव्हतं. नदीच्या वरच्या अंगाला तोमु म्हणून गाव आहे, वल्ही मारत पाच दिवस. तिथला म्हातारा या वर्षात तिसऱ्यांदा खाली आला. म्हणतो, आमच्या पोरांना शिकवायला कुणीतरी द्या. तिथे मिशनचं आजवर कुणी राहिलेलं नाही. किनाऱ्यावरची भाषा तिथे चालत नाही. म्हणजे पुन्हा मुकी होऊन सुरुवात, पुन्हा चिखलात आडवी पडणं. मागच्या दोन्ही वेळेला मारेकोनं माझ्याकडे पाहिलं होतं, आणि मी भांडी घासत राहिले होते.

या वेळी मी त्या म्हाताऱ्याला विचारलं, "तुमच्याकडे सिएनीचं नाव कुणी ऐकलंय?"

त्यानं डोकं खाजवलं. "हा कसला मासा?" म्हणाला.

मी हसले, आणि हो म्हटलं. बघ, देवाला माझी नस बरोबर सापडली आहे. त्यानं चांगल्या मनाची वाट पाहिली असती तर म्हातारी होईपर्यंत मी पत्र्याखालीच बसले असते. पण हसून झाल्यावर त्याची होडी पाहिली. मला भीती वाटते, सिएनी. मेळाव्यातल्यासारखी लोकांसमोरची नाही, खरी. रात्री मारेकोचा हात धरून झोपते. तरी जायचं आहे, आणि कुणी ढकललेलं नाही. हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच होतंय.

घर झाडून ठेवलंय. शिडीची तिसरी पायरी नवीन आहे. शिवणाच्या सात जणींना सांगितलंय, सिएनीला शिवता येत नाही, तुम्ही तिला शिकवा. एवढं तर मला बोलू दे.

आज सकाळी आम्ही सामान होडीत भरत होतो. गेउआ आली. तिच्या पाठीवर गाठोडं होतं, हातात तिचं कुटायचं हत्यार. होडीत पाय टाकून बसलीसुद्धा.

मी म्हटलं, "हे काय?"

"मी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "वरच्या लोकांची भाषा माझ्या आजोळची आहे. तू एकटी पडशील."

"अगं, सिएनी येतेय."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी तुझ्याबरोबर येते."

सिएनी, लहानपणापासून मला हेच ऐकायचं होतं. कुणीतरी एकदा तुला सोडून मला निवडावं. आईनं, गावानं, देवानं, कुणीही. आणि मला तिची गरज होती गं, फार होती, भाषेसाठी, सोबतीसाठी. म्हातारा वल्ही हातात घेऊन वाट बघत होता.

मग मी तिचं गाठोडं उचलून धक्क्यावर ठेवलं. म्हटलं, "तू उतर. ती येईल तेव्हा पोराकडे घेऊन जायला कुणीतरी हवं."

ती माझ्यावर चिडली. अजून धक्क्यावर पाठ फिरवून बसली आहे. आल्यावर तिची समजूत काढ.

फोलोले